दमाचा जमाखर्च

समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवरच्या आमच्या यवतमाळास पठार म्हणवून घेण्याची हौस आहे, आणि माहूरास जाऊन दत्तशिखराच्या पायऱ्या चढलो की आमच्या गिर्यारोहणाची बहुधा तेथेच इतिश्री होते. अशा काळ्या मातीच्या, कापूसपिकाच्या मुलखातून उठून नेपाळातील लुकल्याच्या आखूड, उतरत्या धावपट्टीवर जो पाऊल ठेवतो, त्याच्या डोक्यात आपण गावाहून सहापट उंचीवर, म्हणजे 2860 मीटरवर आलो हे गणित शिरण्यापूर्वी ते छातीला कळलेले असते.

तेथून एव्हरेस्टच्या तळछावणीपर्यंत मजल दरमजल जावयाचे म्हणजे साधारणतः आठ दिवसांची चाल. दूधकोसीवरील झुलते पूल ओलांडीत नामचे, पुढे तेंगबोचेचा बौद्ध मठ, दिंगबोचे, लोबुचे, गोरक्षेप. आणि अखेरीस 5364 मीटरवरची ती दगडधोंड्यांची, बर्फाची छावणी, जेथून एव्हरेस्टचे शिखर दिसतसुद्धा नाही! ते डोळे भरून पाहावयाचे तर शेजारच्या कालापत्थरावर चढावे लागते.

हवेतील प्राणवायूचे प्रमाण येथेही एकवीस टक्केच असते. घटतो तो हवेचा दाब, आणि तळछावणीवर तो समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्म्यावर येत असल्यामुळे प्रत्येक श्वासागणिक शरीराची वसुली अर्धीच होते. ही तूट भरून काढण्यासाठी श्वास आपोआप जलद चालतो. त्यामुळे कर्बवायू प्रमाणाबाहेर बाहेर पडून रक्त किंचित अल्कधर्मी बनते. मग मूत्रपिंडे तो समतोल सावरण्याच्या खटपटीस लागतात, आणि गोठवणाऱ्या रात्री पुनःपुन्हा उबदार पांघरूण सोडून बाहेर जाण्याची शिक्षा यात्रेकरूस भोगावी लागते. झोपेत तर श्वास काही क्षण थांबतो आणि मग धाप लागल्यासारखा परततो. शेजाऱ्याचा तसा थांबलेला श्वास ऐकत मी एक अख्खी रात्र जागून काढली, आणि सकाळी तो गृहस्थ मलाच विचारू लागला की, तुमची प्रकृती बरी आहे ना!

या कारभारास अवधी लागतो. म्हणून तीन हजार मीटरच्या वर रोजचा मुक्काम तीनशे ते पाचशे मीटरांहून अधिक उंच नेऊ नये असा दंडक आहे, आणि नामचे व दिंगबोचे येथे एकेक दिवस जादा थांबण्याची वहिवाट त्यातूनच पडली आहे. वाटाडे दर वळणावर ‘बिस्तारै, बिस्तारै’ म्हणतात, म्हणजे सावकाश. मूर्तिजापूर ते यवतमाळ या 113 किलोमीटरांत जिने प्रवाशांच्या धीराची परीक्षा पाहिली, त्या आमच्या शकुंतला गाडीत ज्यांनी बसून घेतले आहे, त्यांना हा उपदेश नव्याने करण्याचे कारण नाही. पंचाईत होते ती धडधाकट तरुणांची, कारण पहिल्या दिवशी धावत पुढे गेलेला गडीच पुष्कळदा तिसऱ्या दिवशी डोके धरून बसलेला आढळतो.

भूक मरते, हे मात्र कोणी आधी सांगत नाही. पाच हजार मीटरवर पाणी सुमारे 83 अंशांनाच उकळते, साध्या पातेल्यात डाळ शिजता शिजत नाही, म्हणून तेथे कुकरास देवघरातल्या तांब्याइतका मान; आणि समोर वाफाळता डाळभात असता, मन मात्र ज्वारीची भाकरी आणि ठेच्याकडे धाव घेते.

हे आपल्याकडील माणसाचे काम नव्हे, असे म्हणणाऱ्यांनी शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्याकडे पाहावे. तेथील आश्रमशाळांत शिकणाऱ्या पाच आदिवासी विद्यार्थ्यांनी मे 2018 मध्ये एव्हरेस्टचे शिखरच गाठले. आम्ही तर केवळ पायथ्याच्या गोष्टी करीत आहो.

जाणाऱ्याने निघण्यापूर्वी वैद्यांकडून प्रकृती तपासून घ्यावी आणि काही महिने पाठीवर ओझे घेऊन चढउतार करावी. वर गेल्यावर डोकेदुखी व मळमळ विश्रांतीने हटत नसेल तर एक पाऊलही पुढे टाकू नये; आणि तोल जाऊ लागला, बोलणे असंबद्ध झाले किंवा बसल्या जागी धाप लागू लागली, तर रात्र असली तरी सोबत घेऊन तत्काळ खाली उतरावे.