नमुना घरी, पुढचे पाऊल दवाखान्यात

दुकानाची खतावणी रोजच्या रोज जुळविणाऱ्या घरांतही गृहिणीच्या प्रकृतीचा हिशेब बहुधा दुखणे वाढल्यावरच मांडला जातो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात ही दिरंगाई फार महाग पडते. भारतात दरवर्षी सुमारे सव्वा लाख स्त्रियांना हा रोग होतो. पाऊण लाखाहून अधिक दगावतात. वास्तविक एचपीव्ही विषाणूच्या दीर्घकाळ टिकलेल्या संसर्गातून तो अनेक वर्षांत हळूहळू आकार घेतो. त्या अवधीत बदल आढळल्यास साध्या उपचारांनी तो टाळता येतो.

तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यात १९९९ साली सुरू झालेल्या अभ्यासाने हे दाखवून दिले. एकदाच एचपीव्ही चाचणी झालेल्या स्त्रियांच्या गटात या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. तरीही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) ३० ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांपैकी जेमतेम दोघींनी गर्भाशयमुखाची तपासणी कधीतरी करून घेतली होती. सवड नसणे हे कारण सांगितले जाते. संकोच हे कारण सांगितले जात नाही.

स्वतः नमुना घेण्याची पद्धत नेमकी येथे उपयोगी पडते. मऊ बोळ्याची काडी योनिमार्गात सूचनेप्रमाणे फिरवून नळीत ठेवायची आणि ती प्रयोगशाळेकडे पोहोचवायची. काम काही मिनिटांचे. पीसीआर तंत्राने तपासल्यास असा नमुना डॉक्टरांनी घेतलेल्या नमुन्याइतकाच विश्वासार्ह ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेला ही पद्धत मान्य आहे. तिच्या सल्ल्यानुसार तिशीपासून दर ५ ते १० वर्षांनी एचपीव्ही चाचणी करावी. ऑस्ट्रेलियात जुलै २०२२पासून तपासणीस पात्र प्रत्येक स्त्रीला हा पर्याय खुला आहे.

मात्र विषाणू आढळला म्हणजे कर्करोग झाला, असे नव्हे. बहुतेक संसर्ग शरीर स्वतःच परतवून लावते. तरी अशा अहवालानंतर स्त्रीरोगतज्ज्ञांची तपासणी चुकवू नये. पाळीव्यतिरिक्त, संबंधांनंतर किंवा पाळी गेल्यावर रक्तस्राव होत असेल, तर नमुन्याची वाट न पाहता थेट दवाखाना गाठावा.

खरी कसोटी अहवाल घरी आल्यावर लागते. हा विषाणू अत्यंत सर्वसामान्य असून वर्षानुवर्षे सुप्त राहू शकतो. त्यावरून कोणाच्याही शीलाचा निवाडा होत नाही. काडीने पहिला संकोच दूर होईल. दुसरा दूर करणे कुटुंबाच्या हाती आहे. ‘तारीख घे, मी बरोबर येतो,’ हे पतीचे एक वाक्य त्या दिवशी औषधाइतकेच मोलाचे ठरेल.