मॉडेल रॉकेटसाठी पॅराशूटच्या आकाराची निवड : एक विवेचन

प्रस्तावना :
अमेरिकेतील नेब्रास्का राज्याचे रहिवासी ऑरव्हिल कार्लाइल यांनी १९५४ मध्ये तयार केलेल्या मॉडेल रॉकेटचे नावच ‘रॉक-ए-शूट’ असे होते. या नावात पॅराशूटचे महत्त्व स्पष्ट होते. उड्डाणानंतर रॉकेट कोणासही इजा न करता जमिनीवर यावे व पुन्हा वापरता यावे, हे पॅराशूटचे प्रयोजन होय. मात्र पॅराशूट जितके मोठे तितके सुरक्षित, असा समज सहज होतो. प्रस्तुत लेखात या समजाची चिकित्सा केली आहे.

सैद्धांतिक आधार :
पॅराशूट उघडल्यावर रॉकेटवर दोन बले कार्य करतात. वजन त्यास खाली ओढते, तर हवेचा विरोध वरच्या दिशेने कार्य करतो. हा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. दोन्ही बले समान झाली की रॉकेट स्थिर वेगाने उतरते. या वेगास अंत्य वेग म्हणतात. त्यावरून वर्तुळाकार पॅराशूटसाठी पुढील सूत्र मिळते :

व्यास = √[(८ × वस्तुमान × गुरुत्वत्वरण) ÷ (३.१४ × हवेची घनता × विरोध गुणांक × अंत्य वेगाचा वर्ग)]

येथे वस्तुमान उतरतेवेळचे घ्यावे. इंधन जळून गेलेले असते. मात्र इंजिनाचे रिकामे कवच व पॅराशूट यांचे वस्तुमान धरणे आवश्यक असते.

उदाहरण :
उतरतेवेळी रॉकेटचे वस्तुमान १०० ग्रॅम, हवेची घनता प्रतिघनमीटर १.२ किलोग्रॅम, विरोध गुणांक ०.७५ आणि अपेक्षित वेग सेकंदाला ४.५ मीटर मानल्यास व्यास सुमारे ३७ सेंटिमीटर येतो. वस्तुमान चौपट झाल्यास व्यास दुप्पट, म्हणजे ७४ सेंटिमीटर लागतो.

आकाराचे परिणाम :
व्यास निम्मा केल्यास उतरण्याचा वेग दुप्पट, तर आघाताची ऊर्जा चौपट होते. परिणामी रॉकेटचे पंख तुटतात आणि खाली उभ्या असलेल्यांना धोका संभवतो. याउलट, याच रॉकेटला सुमारे ५५ सेंटिमीटर व्यासाचे पॅराशूट लावल्यास वेग सेकंदाला ३ मीटर होतो. १५० मीटर उंचीवरून उतरताना लागणारा काळ ३३ सेकंदांवरून ५० सेकंदांवर जातो. वारा सेकंदाला ५ मीटर वेगाने वाहत असल्यास रॉकेट सुमारे १६७ मीटरऐवजी २५० मीटर दूर वाहून जाते. ते मैदानाबाहेर झाडावर, विजेच्या तारांवर किंवा रस्त्यावर पडू शकते. शिवाय मोठे पॅराशूट अरुंद नळीत घट्ट बसून न उघडण्याची शक्यता असते.

पॅराशूटच्या मध्यभागी ठेवलेल्या छिद्रामुळे त्याचे हेलकावे कमी होतात. छिद्राचा व्यास पॅराशूटच्या व्यासाच्या २० टक्के असला तरी क्षेत्रफळ केवळ ४ टक्क्यांनी घटते.

पडताळणी :
विरोध गुणांक कापड व आकारानुसार बदलतो. म्हणून रॉकेटइतकेच वजन बांधून, उघडलेले पॅराशूट ज्ञात उंचीवरून सोडावे. वेग स्थिर झाल्यावर ९ मीटर अंतर २ सेकंदांत कापले गेल्यास गणित बरोबर ठरते. महाविद्यालयीन प्रयोगशाळेत हा प्रयोग अल्प खर्चात करता येतो.

निष्कर्ष :
योग्य पॅराशूट म्हणजे सर्वांत मोठे पॅराशूट नव्हे, तर रॉकेटला सुरक्षित वेगाने उतरवणारे सर्वांत लहान पॅराशूट होय. सामान्यतः सेकंदाला ३.५ ते ४.५ मीटर वेग योग्य मानावा. जमीन कठीण असल्यास त्यातील कमी वेग, तर मैदान लहान वा वारा अधिक असल्यास जास्त वेग स्वीकारावा. वारा फारच असल्यास उड्डाण पुढे ढकलणे हाच योग्य निर्णय ठरतो.