शिक्का आणि मजकूर : एका वाचकाच्या गुणवहीची तपासणी

आमच्या उल्हासनगरला शिक्क्यांचं शहर म्हणून चिडवतात. इथल्या मालावर ‘मेड इन यूएसए’ असं छापलेलं असतं आणि त्याचा अर्थ ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ असा घ्यायचा, हा विनोद लोकलच्या डब्यात प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलेला असतो. मी कॅम्प दोनमध्ये कापडाच्या दुकानांचे हिशेब लिहितो. बाजारात तीस वर्षं काढल्यावर एक गोष्ट डोळ्यांदेखत कळते. गिऱ्हाईक आधी आतल्या बाजूची चिठ्ठी बघतं, मग बोटांनी कापड चाचपतं, आणि पुष्कळदा बोटांना तेच जाणवतं जे चिठ्ठीने सांगितलेलं असतं. या गिऱ्हाइकांना मी मनातल्या मनात बरंच हसलो. पुस्तकांच्या बाबतीत मीही तेच करत होतो, हे कळायला मला २०१७ साल उजाडावं लागलं.

१९९१ पासून मी एक वही ठेवतो. हिशेबनिसाची सवय, दुसरं काही नाही. वाचलेल्या पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, तारीख आणि दहापैकी गुण. वहीत आजवर साडेसहाशेच्या आसपास नोंदी झाल्या. त्यांची बेरीज-वजाबाकी करावी असं फार वर्षं वाटलंच नाही. २००८ मध्ये आमच्या भागातल्या एका लहान वाचनालयाने पुस्तकखरेदीसाठी सल्ला मागितला, तेव्हा पहिल्यांदा प्रकाशकवार सरासरी काढली. वाचनालयाचं अनुदान तुटपुंजं. ‘कुणाची पुस्तकं डोळे मिटून घ्यावीत आणि कुणाची टाळावीत, एवढं सांगा,’ असं चिटणीसांचं म्हणणं होतं. मी यादी दिली. पुढची आठ वर्षं त्या यादीवर खरेदी झाली. ती यादी चूक होती. ती कशी चूक होती हे सांगण्यासाठीच हा लेख.

सरासरीने काय सांगितलं

प्रकाशकांची नावं इथे देत नाही. आकडे त्यांच्याविषयी फार थोडं सांगतात आणि माझ्याविषयी पुष्कळ, हे पुढे दिसेलच. एका जुन्या, नामवंत संस्थेला ‘क’ म्हणू. ‘क’ची ९४ पुस्तकं मी वाचली होती, सरासरी ७.६. ज्यांची तीनपेक्षा जास्त पुस्तकं वाचलेली नाहीत अशा ४१ लहान प्रकाशकांची मिळून ५८ पुस्तकं होती. त्यांत लेखकाने पदरच्या पैशाने काढलेलीही आली. त्यांची सरासरी ५.७. जवळपास दोन गुणांचा फरक. दहाच्या मापात दोन गुण म्हणजे ‘जरूर वाचा’ आणि ‘वेळ असेल तर वाचा’ यांच्यातलं अंतर. मी वाचनालयाला सांगून टाकलं, लहान प्रकाशक टाळा.

पहिली गफलत यादीच्या दोन टोकांशी होती. प्रकाशक सरासरीप्रमाणे लावले, तर अगदी वर आणि अगदी खाली, दोन्हीकडे एकेक पुस्तकवाले प्रकाशक दिसत होते. एका पुस्तकाला ९ मिळाले की प्रकाशक पहिला, ३ मिळाले की शेवटचा. ‘क’ मात्र कधीच टोकाला जाणार नाही, कारण ९४ पुस्तकांत बरीवाईट सगळी मिसळून जातात. फ्रान्सिस गाल्टनने १८८६ मध्ये आईबाप आणि मुलं यांच्या उंचीची तुलना करताना दाखवलं होतं की फार उंच आईबापांची मुलं सरासरीने त्यांच्याइतकी उंच नसतात. टोकाचं माप पुढच्या खेपेस मध्याकडे सरकतं. एका पुस्तकावरून प्रकाशकाची पारख करणं म्हणजे एका मुलाच्या उंचीवरून घराण्याची उंची सांगणं.

यावर एक सोपा उपाय आहे. प्रत्येक प्रकाशकाच्या खात्यात माझ्या एकूण सरासरीची, म्हणजे ६.६ गुणांची, पाच काल्पनिक पुस्तकं आधीच जमा धरायची. मग एकच पुस्तक आणि त्याला ९ गुण असलेल्या प्रकाशकाची सरासरी ७.० होते, एकच पुस्तक आणि ३ गुण असलेल्याची ६.०. ‘क’ची मात्र ७.६ ची ७.५ होते, कारण ९४ पुस्तकांपुढे पाचांचं वजन ते किती! थोड्या पुराव्यावर थोडंच बोलायचं, एवढाच याचा अर्थ. बाजारात नव्या गिऱ्हाइकाला उधारी देताना आम्ही हेच करतो. पहिल्या व्यवहारावरून त्याला ना सावकार ठरवत, ना बुडव्या.

चाळणी कुणाची?

दुसरी गफलत जास्त खोल होती. ‘क’ची पुस्तकं माझ्या हाती कशी आली? कुणीतरी परीक्षण लिहिलं होतं, पुरस्कार मिळाला होता, किंवा जाणत्या मित्राने सुचवलं होतं. लहान प्रकाशकांची कशी आली? प्रकाशन समारंभात भेट म्हणून, लेखक ओळखीचा म्हणून, कधी नाही म्हणता आलं नाही म्हणून. एक तांदूळ चाळून, निवडून आलेला. दुसरा पोत्यातून तसाच. दोन्हींचा भात शिजवून शेतकऱ्यांची तुलना करायची हा न्याय नाही. ‘क’ची सामान्य पुस्तकं माझ्यापर्यंत पोचलीच नव्हती. मी मोजत होतो ती परीक्षकांची आणि मित्रांची चाळणी.

तिसरी गोष्ट माझ्या वयाची. पहिल्या दहा वर्षांत माझा हात सैल होता, पुढे तो आखडत गेला. लहान प्रकाशकांची बहुतेक पुस्तकं याच आखडत्या काळात आली. प्रत्येक पुस्तकाचा गुण त्या त्या वर्षाच्या माझ्या सरासरीशी ताडून पाहिला, तेव्हा १.९ चा फरक १.४ वर आला. चौथी गोष्ट साहित्यप्रकाराची. लहान प्रकाशकांकडची माझी निम्मी पुस्तकं कवितेची होती आणि कवितेला मी मुळातच कमी गुण देतो. कादंबरी कादंबरीशी आणि कविता कवितेशी ताडली, तर फरक १.१ वर आला. नुसत्या कागद-पेन्सिलीने दोन गुणांचा डोंगर निम्म्यावर आला होता, आणि तोवर मी एकही पुस्तक पुन्हा उघडलं नव्हतं.

एक मजकूर, दोन शिक्के

मराठीत या प्रश्नाची आयती कसोटी उपलब्ध आहे. आपल्याकडे पुस्तकं प्रकाशक बदलतात. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ मध्ये देशमुख आणि कंपनीने काढली, पुढे ती पॉप्युलर प्रकाशनाकडे आली. ‘मृत्युंजय’ १९६७ मध्ये कॉन्टिनेन्टलकडून आली आणि आजचा वाचक ती मेहतांच्या आवृत्तीत वाचतो. मजकूर तोच, शिक्का वेगळा. माझ्या वहीत ‘कोसला’ दोनदा आहे. कॉलेज सुटल्यावर वाचनालयाची जुनी प्रत वाचून ७, चाळिशीत नवी प्रत वाचून ९. हा फरक शिक्क्याचा म्हणता येईल का? अजिबात नाही. मधल्या काळात मी बदललो होतो, आणि ‘कोसला’भोवती उभ्या राहिलेल्या चर्चेची पुटं माझ्यावर चढली होती. कसोटी आयती असली तरी एका वाचकाच्या आयुष्यात ती शुद्ध राहत नाही.

उलट बाजूचा पुरावा मात्र वाङ्मयाच्या इतिहासात ठसठशीत आहे. ‘अरुण कोलटकरच्या कविता’ हा संग्रह १९७७ मध्ये अशोक शहाणे यांच्या प्रास प्रकाशनाने काढला. दया पवार यांचं ‘बलुतं’ १९७८ मध्ये ग्रंथालीने, म्हणजे वाचकांच्या चळवळीतून उभ्या राहिलेल्या तेव्हाच्या नव्या संस्थेने काढलं. माझी २००८ ची यादी १९७८ मध्ये एखाद्या वाचनालयाच्या हाती असती, तर ही दोन्ही पुस्तकं ‘टाळा’ या सदरात गेली असती. हे लक्षात आलं त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

ब्राऊनपेपरचं वर्ष

आय. ए. रिचर्ड्स यांचा प्रयोग मला ठाऊक होता. केंब्रिजमधल्या विद्यार्थ्यांना त्यांनी कवीचं नाव न सांगता कविता दिल्या आणि अभिप्राय लिहून मागितले. त्यांतल्या तेरा कवितांवरचे अभिप्राय १९२९ च्या ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ या पुस्तकात आहेत. नावाचा आधार सुटल्यावर चांगल्या शिकलेल्या मुलांनीही नामवंतांच्या काही कवितांना झोडपलं आणि आज विस्मरणात गेलेल्यांच्या काही कविता उचलून धरल्या. रिचर्ड्सना मुलांची फजिती करायची नव्हती. वाचताना नेमकं कुठे पाऊल घसरतं ते त्यांना पाहायचं होतं.

२०१७ मध्ये मी तो प्रयोग स्वतःवर केला. भाचीला विनंती केली. तिने त्याच वाचनालयातून आणि माझ्या कपाटातून पुस्तकांच्या बारा जोड्या निवडल्या. प्रत्येक जोडीत साहित्यप्रकार एकच, दशक एकच, एक पुस्तक मोठ्या प्रकाशकाचं आणि एक लहानाचं. मुखपृष्ठाला ब्राऊनपेपर, सुरुवातीची पानं लिफाफ्यात घालून चिकटवलेली, मलपृष्ठही झाकलेलं. लेखक माहीत नाही, प्रकाशक माहीत नाही. पानाच्या माथ्यावर पुस्तकाचं नाव तेवढं दिसे. प्रत्येक पुस्तक शेवटपर्यंत वाचायचं ही अट तिची. शेवटी प्रकाशकाचा अंदाजही लिहायचा होता. अक्षरवळण आणि कागद यांवरून २४ पैकी ७ वेळा मी तो बरोबर ओळखला, म्हणजे झाकणी पूर्ण नव्हती.

वर्षअखेरीला बेरीज झाली. मोठ्या प्रकाशकांच्या बारा पुस्तकांची सरासरी ७.०, लहानांची ६.३. फरक ०.७ चा. चोवीस पुस्तकं म्हणजे काही मोठा पुरावा नव्हे, हे मीच वर सांगितलेल्या नियमाने मान्य करतो. पण १.९ आणि ०.७ यांच्यामधली जागा कुणी व्यापली होती, हे मला कळून चुकलं. काही चाळणीने, काही माझ्या वयाने, काही कवितेविषयीच्या माझ्या कद्रूपणाने, आणि उरलेली शिक्क्याने.

उरलेला ०.७ मात्र खोटा नसावा. त्या बारा लहान पुस्तकांचे गुण मी कशासाठी कापले ते नोंदवून ठेवलं होतं. लेखनाचा वकूब कमी म्हणून कापलेले थोडे. पाल्हाळ, पुनरुक्ती, मुद्रणदोष, शेवटी उगाच जोडलेलं प्रकरण यांसाठी कापलेले बरेच. हे सगळे दोष चांगला संपादक काढून टाकतो. मौजेच्या श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांनी हस्तलिखितांवर घेतलेल्या कष्टांविषयी अनेक लेखकांनी कृतज्ञतेने सांगितलं आहे. मोठ्या शिक्क्यामागे असं काम उभं असतं, तेव्हा त्या शिक्क्याला किंमत आहे. लहान प्रकाशकाकडे असा माणूस ठेवायला पैसा नसतो. म्हणजे ०.७ गुणांचा हा फरक बऱ्याच अंशी पगाराचा फरक आहे. लेखकाच्या प्रतिभेच्या खात्यावर तो मांडण्याचा मला अधिकार नव्हता.

एक नोंद

चोवीस पुस्तकांपैकी एक कथासंग्रह मला फार आवडला होता. बराकीतल्या बायकांच्या कथा. पाण्याच्या रांगा, मध्ये पत्रे लावून केलेल्या एका खोलीच्या दोन खोल्या, पलीकडून ऐकू येणारी सिंधी आणि अलीकडची मराठी. काही वाक्यं सैल होती, पण हे जग मी छापलेलं पाहिलं नव्हतं. आठ गुण दिले. नाव कुठेतरी ऐकल्यासारखं वाटत होतं.

कागद काढला तेव्हा भाची म्हणाली, ‘मामा, जुनी वही बघा.’ २००९ ची नोंद होती. तेच पुस्तक. लेखिका आमच्याच शहरातली, पुस्तक स्वखर्चाने काढलेलं. गुण ५. पुढे बारीक अक्षरात लिहिलं होतं : पान ३० पर्यंत. बाकीची शंभर पानं मी वाचलीच नव्हती, तरी गुण देऊन मोकळा झालो होतो. तिने वाचनालयाला प्रत घेण्याविषयी विचारलं तेव्हा चिटणीसांनी माझ्या यादीवर बोट ठेवलं होतं, हेही मला आता कळलं.

मी बाईंच्या घरी गेलो. सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. ‘उरलेल्या प्रती घर बदलताना रद्दीत गेल्या,’ एवढंच म्हणाल्या. दुसरं पुस्तक लिहिलंत का, असं विचारलं तर मान हलवली. घरात तीन प्रती शिल्लक होत्या. त्यांतल्या दोन वाचनालयाने विकत घेतल्या, त्याआधी मी माझी यादी परत मागून घेतली होती.

वही ठेवणाऱ्यांसाठी

गुण देणं मी सोडलेलं नाही. दिवाळी अंकांच्या वाचकांत माझ्यासारख्या वह्या ठेवणारे पुष्कळ असतील, म्हणून हिशेबनिसाच्या अधिकारात थोडं सांगतो. प्रकाशकाच्या नावाशेजारी आणखी तीन रकाने आखावेत : पुस्तक हाती कसं आलं, किती पानं वाचली, आणि गुण नेमके कशासाठी कापले. पहिला रकाना चाळणी दाखवतो, दुसरा आपला आळस, तिसरा लेखकाचं खातं आणि संपादकाचं खातं वेगळं करतो. पाचपेक्षा कमी पुस्तकं असलेल्या प्रकाशकाची सरासरी काढूच नये. आणि वर्षातून दोन-चार पुस्तकं तरी कुणाकडून कागद घालून घ्यावीत.

सतीश काळसेकर यांचं ‘वाचणाऱ्याची रोजनिशी’ लोकवाङ्मय गृहाने २०१० मध्ये काढलं आणि २०१३ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. मी ते उशिरा वाचलं. एका वाचकाचं सगळं वाचन त्यात आहे, पण त्याला गुणांची गरज कुठे भासलेली नाही. पुस्तकं कुठे भेटली, कुणी दिली, कशाची आठवण झाली, हे त्यात येत राहतं. माझ्या वहीत नेमकं तेवढंच नव्हतं. आता त्यासाठी रकाना आखला आहे. कथासंग्रहाच्या नोंदीत ५ खोडलेला नाही. त्याच्यापुढे ८ लिहून दोन्ही तारखा घातल्या आहेत, आणि नव्या रकान्यात लिहिलं आहे : भाचीने कागद घालून दिलं, पूर्ण वाचलं.