डिस्क जाऊ लागली, आधी काय हलवायचे?

हार्ड डिस्क बिघडू लागली की बहुतेकांना पहिली काळजी वाटते ती विंडोजची. सगळे प्रोग्राम, प्रिंटर, पडद्यावरची मांडणी जशीच्या तशी नव्या डिस्कवर जावी, म्हणजे उद्या सकाळी काम पुढे सुरू. म्हणूनच दुरुस्तीच्या दुकानात ‘क्लोन करून द्या’, म्हणजे संपूर्ण डिस्कची हुबेहूब प्रत काढून द्या, ही मागणी सर्वांत आधी होते. मागणी रास्त आहे, पण तिचा क्रम चुकतो. विंडोज किंवा लिनक्स आज ना उद्या नव्याने टाकता येते. मुलांचे फोटो, दुकानाचा हिशेब, अर्धा लिहून झालेला प्रबंध पुन्हा कुठेच मिळत नाही. जी डिस्क आणखी किती वेळ चालेल याचा भरवसा नाही, तिचा उरलेला प्रत्येक तास आधी पुन्हा न मिळणाऱ्या गोष्टींवर खर्च व्हायला हवा.

यामागचे कारण डिस्कच्या रचनेतच आहे. आतली तबकडी मिनिटाला 5400 किंवा 7200 फेरे घेते आणि वाचणारे हेड तिच्यापासून काही नॅनोमीटर अंतरावर तरंगत असते. माहिती 512 किंवा 4096 बाइटच्या सेक्टरांत साठवलेली असते. एखादा सेक्टर वाचता आला नाही की डिस्क तिथेच पुनःपुन्हा प्रयत्न करत राहते. कॉम्प्युटर अचानक गोठतो तो बहुतेकदा यामुळे. साधे क्लोनिंग सॉफ्टवेअर अशा जागी अडून बसते किंवा काम अर्धवट सोडते. तोवर त्याने कित्येक जीबी वाचून काढलेले असतात, आणि त्यातला बराच भाग मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून केव्हाही उतरवून घेता येण्याजोगा असतो.

‘अजून चालतेय ना, रविवारी बघू’ हा पहिला आक्षेप. गूगलने 2007 साली आपल्या एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास प्रसिद्ध केला. तपासणीत पहिली चूक सापडल्यानंतरच्या 60 दिवसांत डिस्क निकामी होण्याची शक्यता, अशी चूक न सापडलेल्या डिस्कच्या तुलनेत 39 पट होती. ‘पण स्मार्ट तपासणीत (डिस्क स्वतःच ठेवत असलेल्या तब्येतीच्या नोंदीत) तर सगळे ठीक दिसते’ असे कोणी म्हणेल. त्याच अभ्यासात, निकामी झालेल्या निम्म्याहून जास्त डिस्कांनी स्मार्टच्या चार प्रमुख निकषांपैकी एकातही इशारा दिला नव्हता. थोडक्यात, इशारा मिळाला तर तो गंभीर समजावा. मिळाला नाही म्हणून निर्धास्त राहू नये. अपवाद एकच: स्मार्टच्या नोंदीत फक्त ‘सीआरसी’ चुका, म्हणजे डिस्क आणि कॉम्प्युटर यांच्यात माहिती जाता-येताना होणाऱ्या चुका, वाढत असतील तर दोष बहुधा केबलचा असतो.

मग करायचे काय? त्या डिस्कवरून विंडोज सुरू करणे आधी थांबवावे, कारण सुरू होताना विंडोज डिस्कवर सतत काहीतरी लिहीतच असते. लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर सुरू करावा आणि अत्यंत गरजेचे मोजके फोल्डर उतरवून घ्यावेत. त्यानंतर डीडीरेस्क्यूसारख्या साधनाने संपूर्ण डिस्कची प्रत काढावी. हे साधन अडलेल्या जागा बाजूला ठेवून नीट वाचता येणारा भाग आधी उचलते, कुठे काय राहिले याची नोंद ठेवते आणि मध्येच थांबले तर तिथूनच पुढे जाते. लाखो फायली असतील तर एकेक फाइल उतरवताना हेडची धावपळ फार होते, हा जाणकारांचा आक्षेप खरा आहे. तिथे सरळ संपूर्ण प्रत काढावी. मात्र विंडोजच्या ‘चेकडिस्क’ची दुरुस्ती मूळ डिस्कवर चालवू नये. ती आजारी डिस्कवर लिहिते आणि वाचवण्याजोगे काही असेल तेही बिघडवू शकते. दुरुस्ती करायची ती प्रतीवर. आणि डिस्कमधून कट्‌कट् आवाज येत असेल तर घरचे सगळे प्रयोग थांबवून ती बंद ठेवावी, व माहिती मोलाची असेल तर थेट डेटा रिकव्हरीच्या प्रयोगशाळेत न्यावी.

सर्वांत वजनदार आक्षेप छपाईच्या व्यवसायातून येतो. मराठी डीटीपीची कित्येक वर्षांची कामे युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये, श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरवर झालेली आहेत. तो फॉन्ट नसेल तर जपून ठेवलेली फाइलसुद्धा अगम्य चिन्हांची रांग बनते, आणि जुन्या सॉफ्टवेअरची सीडी हरवलेली असते. अशा ठिकाणी यंत्रणा हाच माहितीचा भाग आहे आणि क्लोन हवाच. पण म्हणून मूळ मुद्दा खोटा ठरत नाही. ‘न मिळणाऱ्या’ गोष्टींच्या यादीत फॉन्टचीही भर पडते, इतकेच. शिवाय क्लोनमध्ये न वाचलेल्या सेक्टरांच्या जागी रिकाम्या जागा राहतात. त्या सिस्टिमच्या फायलींत असतील तर नवी डिस्क आज सुरू होईल आणि महिन्याने विनाकारण बंद पडू लागेल. अशा वेळी नव्याने टाकलेली स्वच्छ यंत्रणाच अधिक भरवशाची. विंडोजचे बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारे एन्क्रिप्शन, चालू असेल तर 48 अंकी रिकव्हरी की आधीच शोधून ठेवावी; तिच्याशिवाय उत्तम प्रतही उघडणार नाही.

दुरुस्तीच्या दुकानात पाऊल टाकण्यापूर्वी, या कॉम्प्युटरवरचे काय परत मिळणार नाही, याची यादी कागदावर लिहून काढावी आणि ‘क्लोन करा’ म्हणण्याआधी ती दुकानदाराच्या हाती द्यावी. ती यादी आजच, डिस्क धडधाकट असताना केली आणि त्यातल्या प्रत्येक गोष्टीची एक प्रत दुसरीकडे ठेवली, तर डिस्क गेल्यावर फक्त नवी डिस्क विकत घ्यावी लागेल.