मुंबईत पत गेली, बंगळूरचे लेथ थांबले

बंगळूरच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत छोटी वर्कशॉप्स हजारोंनी आहेत. कुठे दोन लेथ, कुठे एखादा पॉवर प्रेस आणि पाच-दहा कामगार. अनेक ठिकाणी मोटारींचे सुटे भाग बनतात. अशा वर्कशॉपच्या मालकाला मुंबईच्या कर्जबाजाराशी काय देणेघेणे? २०१९ साली ते चांगलेच कळले.

सप्टेंबर २०१८ मध्ये आयएल अँड एफएस ही मुंबईची बडी वित्तसंस्था कर्जफेड चुकवू लागली. समूहावर सुमारे ९० हजार कोटींचे कर्ज आणि काही आठवडे आधीपर्यंत पतदर्जा सर्वोच्च, ‘ट्रिपल ए’! मग म्युच्युअल फंडांना सगळ्याच बिगरबँक वित्तसंस्थांची धास्ती वाटू लागली.

या संस्थांचे गणित मुळातच नाजूक. गाडी घेणाऱ्याचे हप्ते तीन-चार वर्षे येत राहणार. पण त्यासाठी उचललेला बराच पैसा तीन-सहा महिन्यांत फेडायचा, तोही नव्या उसनवारीतून. ती मिळेना, तेव्हा त्यांनी कर्ज देताना हात आखडला. ट्रक, मोटारी, स्कूटर यांची गिऱ्हाइके खोळंबली. विम्याचा वाढता खर्च, बीएस-६ नियमांची चाहूल हीही कारणे होतीच. २०१९-२० मध्ये प्रवासी वाहनांची विक्री सुमारे १८ टक्क्यांनी घटली. बंगळूरजवळच्या बिडदीचा टोयोटा-किर्लोस्करचा कारखानाही ऑगस्ट २०१९ मध्ये काही दिवस बंद ठेवावा लागला.

मोठा कारखाना असे दिवस निभावून नेतो. छोट्याची मात्र दुहेरी कोंडी होते. नवी ऑर्डर नाही आणि जुने बिल अडकलेले. बँकेची कॅश क्रेडिटची मर्यादा संपलेली, पगाराची तारीख तर टळत नाही! मग ओव्हरटाइम बंद होतो, एक पाळी बंद होते, आणि कधी घरातले दागिने तारणाला जातात.

रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्ये पाच वेळा रेपो दर कमी केला, साडेसहा टक्क्यांवरून ५.१५ वर आणला. पण ज्याला कर्ज द्यायलाच कुणी तयार नाही, त्याला स्वस्त व्याजाचा काय उपयोग?

छोट्या उद्योगांचे बिल ४५ दिवसांत चुकते करावे, असा कायदा २००६ पासून आहे. पण उद्याची ऑर्डर ज्याच्या हाती, त्याच्याविरुद्ध तक्रार कोण करणार? म्हणून प्राप्तिकराचा चिमटा काढला गेला. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे मुदतीत न दिल्यास, ते प्रत्यक्ष देईपर्यंत त्या खर्चाची वजावट नाही, असा नियम २०२३-२४ च्या हिशेबापासून लागू झाला.