लोहमार्ग-पथ
लोहमार्ग-पथ : वाहतूक कायमची बंद झालेल्या रेल्वेमार्गाचे रूळ व स्लीपर काढून त्याच जागेवर पादचारी व सायकलस्वार यांच्यासाठी केलेला मार्ग. रेल्वेगाडीला तीव्र चढ आणि आखूड वळण चालत नाही. म्हणून मार्ग आखतानाच उंचवटे कापलेले व सखल जागा भरून घेतलेल्या असतात. सपाट प्रदेशातील रेल्वेमार्गाचा चढ बहुधा शंभरास एक याहून सौम्य असतो. त्यामुळे वृद्ध, मुले व अपंग यांनाही असा पथ सुलभ होतो. मात्र त्याचे खरे मोल सलगतेत आहे. शेकडो शेतांतून जाणारी ही चिंचोळी पट्टी पूर्वीच संपादन झालेली असते. तिचा एखादा तुकडा विकला गेला वा त्यावर अतिक्रमण झाले, की उरलेले तुकडे पुन्हा जोडणे जवळजवळ अशक्य होते.

अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यातील एल्रॉय–स्पार्टा हा सु. ५१ किमी. लांबीचा व तीन बोगद्यांचा पथ १९६० नंतरच्या दशकात तयार झाला. तो या प्रकारातील आद्य पथांपैकी एक होय. ब्रिटनमध्ये १९६३ च्या बीचिंग अहवालानंतर अनेक मार्ग बंद झाले व त्यांच्या जमिनी तुकड्यातुकड्यांनी विकल्या गेल्या. ब्रिस्टल–बाथ पथासारखे थोडेच मार्ग पुढे वापरात आले. ही हानी टाळण्याची तरतूद अमेरिकेने १९८३ मध्ये कायद्यात केली. तीनुसार रूळ काढले तरी मार्गाचा हक्क संपत नाही. पथ ही मधल्या काळातील व्यवस्था ठरते व गरज पडल्यास तेथे पुन्हा रेल्वे आणता येते. जमीनमालकांनी या तरतुदीस न्यायालयांत आव्हान दिले. १९९० मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरविली. न्यूझीलंडमधील ओटॅगो सेंट्रल हा १५२ किमी.चा पथ २००० मध्ये पूर्ण झाला. त्याच्या काठच्या ओस पडत चाललेल्या गावांत त्यामुळे निवासाचे व खाद्यपेयांचे व्यवसाय उभे राहिले.

महाराष्ट्रात या दृष्टीने विचारात घेण्याजोगा मार्ग वऱ्हाडातील ‘शकुंतला’ हा होय. मूर्तिजापूर–यवतमाळ (सु. ११३ किमी.) आणि मूर्तिजापूर–अचलपूर (सु. ७६ किमी.) अशा त्याच्या दोन शाखा असून रुळांमधील अंतर ७६२ मिमी. आहे. विसाव्या शतकाच्या प्रारंभी किलिक निक्सन कंपनीच्या व्यवस्थापनाखाली, मुख्यतः कापूस मुंबईकडे नेण्याच्या उद्देशाने हा मार्ग बांधण्यात आला. स्वातंत्र्यानंतरही मालकी कंपनीकडे राहिली आणि गाड्या मध्य रेल्वे चालवीत असे. १९९४ पर्यंत येथे वाफेचे एंजिन धावत होते. २०१० नंतरच्या दशकात दोन्ही शाखांवरील गाड्या थांबल्या. यवतमाळ शाखा वाशिम जिल्ह्यात कारंजावरून जाते. कारंजाच्या नैर्ऋत्येस असलेल्या शेलूबाजार या बाजारगावाला रेल्वे कधी लाभली नाही. आता समृद्धी महामार्ग त्याच्याजवळून जातो. माल आणि उतारू रस्त्याकडे वळले, ही शकुंतलाची मुख्य अडचण याच परिसरात स्पष्ट दिसते.

या मार्गाचा पथ करावा काय, याला केवळ अभियांत्रिकीचे उत्तर नाही. मार्गाकाठची जनता रुंदमापी रेल्वेची मागणी करीत आहे. गरीब उतारूंना एस.टी.हून स्वस्त असलेले हे साधन होते. रूळ उचलले की गाडी कायमची गेली, ही तेथील भीती अनाठायी नाही. तेव्हा पथ करावयाचाच, तर मार्गाचा हक्क अबाधित ठेवणारी अमेरिकेसारखी तरतूद आधी हवी. शिवाय मालकीचा प्रश्न निर्विवादपणे सुटला पाहिजे.

बांधणीतील अडचणी स्थानिक आहेत. काळी कापसाची जमीन पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून भराव खचलेल्या जागी मुरूम घालून दाबावा लागतो आणि मोऱ्या मोकळ्या ठेवाव्या लागतात. गिट्टीवर चालणे वा सायकल चालविणे त्रासाचे, म्हणून ती काढून बारीक चुरीचा थर देतात. रुळांच्या पुलावर फळ्या व कठडे बसवावे लागतात. वेडी बाभूळ एका पावसाळ्यात वाट बुजविते. बैलगाड्यांची ये-जा सर्वत्र रोखणे व्यवहार्य नाही, उचितही नाही. शेतकऱ्यांना ओलांडण्याच्या जागा ठरवून द्याव्या लागतील. विदर्भातील उन्हाळा पाहता दुतर्फा कडुनिंबासारखी सावली देणारी झाडे हवीत. एरवी पथाचा उपयोग हिवाळ्यातील सकाळ-संध्याकाळपुरताच उरेल. कारंजा हे नृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान व जैनांचे जुने केंद्र असून जवळच कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य आहे. त्यामुळे भाविक व निसर्गप्रेमी या दोहोंना कारंजा हा टप्पा सोयीचा ठरेल.

प्रत्येक परित्यक्त मार्ग पथास योग्य असतोच असे नाही. अकोला–खांडवा या मीटरमापी मार्गाचा काही भाग मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जातो; धुळघाट येथे तो चढ साधण्यासाठी स्वतःवरूनच वळसा घेतो. अकोटच्या पुढे रुंदमापी मार्ग याच आखणीने न्यावा की प्रकल्पाबाहेरून, याविषयी मोठा वाद झाला. प्रकल्पातील जुनी आखणी माणसांच्या सहलींसाठी खुली करण्यापेक्षा अरण्याच्या स्वाधीन करणेच वन्य प्राण्यांच्या हिताचे आहे; वळशाची जुनी बांधकामे तेवढी वास्तुवारसा म्हणून जतन करावीत.