पिशवीवरचा आकडा आणि हुनुआची रात्र

पापाकुराहून हुनुआच्या डोंगरांत पोचायला गाडीने जेमतेम अर्धा तास. नाताळच्या सुट्टीत किंवा ईस्टरला इथली मराठी कुटुंबे तंबू घेऊन निघतात, तेव्हा खाण्यापिण्याची तयारी जय्यत असते. स्लीपिंग बॅग मात्र आदल्या संध्याकाळी, तिच्यावरचा आकडा बघून उचलली जाते. "उणे पाच लिहिलंय, ऑकलंडला शून्याखाली जातंय कुठे?" हिशेब चोख वाटतो. गफलत आकड्यातच आहे.

उणे पाच म्हणजे उणे पाचात गाढ झोप, हा पहिला गैरसमज. युरोपात 2002 मध्ये आलेल्या आणि आता आयएसओ 23537 या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मानकानुसार पिशवीची चाचणी तापवलेल्या पुतळ्यावर होते. पुतळ्याच्या अंगात थर्मल आणि मोजे असतात, खाली मॅट असते. त्यातून निघणारे आकडे वेगवेगळे. 'कम्फर्ट' म्हणजे 60 किलो वजनाची प्रमाण स्त्री अंग सैल सोडून झोपू शकेल ते तापमान. 'लिमिट' म्हणजे 73 किलोचा प्रमाण पुरुष अंगाचे मुटकुळे करून कशीबशी रात्र काढेल ते. आणि 'एक्स्ट्रीम' हा झोपेचा आकडाच नव्हे. सहा तास जीव तगेल, पण हायपोथर्मियाचा धोका राहील, एवढाच त्याचा अर्थ. कम्फर्ट शून्य असेल, तर लिमिट उणे पाच-सहा आणि एक्स्ट्रीम उणे वीसच्याही खाली जाऊ शकते. पाकिटावर ठळक कोणता छापायचा, हे विकणारा ठरवतो. घेणाऱ्याने कम्फर्ट शोधावा. हे मानक प्रौढांच्या पिशव्यांसाठी आहे, त्यामुळे लहान मुलांसाठी त्या आकड्यांवर विसंबता येत नाही. भारतातून आलेल्या सत्तरीच्या आजी-आजोबांनाही प्रमाण स्त्री-पुरुषांत धरू नये.

दुसरा समज त्याहून खोल रुजलेला: पिशवी ऊब देते. ती काहीच देत नाही. झोपलेल्या माणसाचे शरीर साधारण सत्तर-ऐंशी वॅट उष्णता टाकत असते; पिशवी ती धरून ठेवते. गोधडीच्या थरांत जशी हवा अडकते, तशीच इथेही, फक्त जास्त आणि हलक्या भरावात. म्हणून उपाशीपोटी किंवा गारठून आत शिरलेला माणूस महागड्या पिशवीतही बराच वेळ कुडकुडतो. "कमी कपडे घातले की पिशवी जास्त गरम होते" हा ट्रेकर मंडळींचा लाडका सल्लाही खोटा. कोरडे, सैल कपडे ऊब वाढवतातच. ओले किंवा पिशवीचा भराव दाबून टाकतील इतके जाड कपडे मात्र नकोत.

अंगाखाली दबलेला भराव जवळजवळ निकामी होतो, आणि जमीन रात्रभर उष्णता ओढत राहते. तरी मॅट ही मऊपणासाठीची चैन समजली जाते. पाहुण्यांसाठी घरात ठेवलेला फूटभर उंचीचा एअरबेड तर तंबूत चक्क गार पडतो, कारण त्याच्या आतल्या मोकळ्या हवेत काहीच भराव नसतो. ती हवा फिरत राहते आणि अंगाची उष्णता खाली पोचवते. मॅटवर आर-व्हॅल्यू, म्हणजे उष्णता अडवण्याची क्षमता, लिहिलेली असते. उन्हाळ्यात दोनच्या आसपास चालते, हिवाळ्यात चार किंवा अधिक हवी. पैसे थोडे असतील तर आधी मॅट सुधारावी, पिशवी नंतर.

आता पिसांचा मुद्दा. बदक-हंसांच्या मऊ पिसांची, म्हणजे डाऊनची पिशवी सर्वांत उत्तम, असे दुकानात ऐकू येते. वजनाच्या हिशेबाने ते खरे आहे. पण 800 फिल पॉवर म्हणजे 'जास्त गरम' नव्हे. एक औंस पिसे किती घन इंच फुगतात, एवढेच तो आकडा सांगतो. आत पिसे किती ग्रॅम भरली आहेत, हेही पाहावे लागते. आणि पापाकुराच्या माणसाचा खरा वैरी थंडीपेक्षा दमटपणा आहे. हुनुआत धरणे बांधली ती तिथे भरपूर पाऊस पडतो म्हणूनच. मार्च 2017 च्या वादळात तिथल्या दरडी कोसळून धरणांचे पाणी इतके गढूळ झाले की ऑकलंडकरांना पाणी जपून वापरायला सांगावे लागले. अशा हवेत तंबूच्या आतून पाणी ठिबकते. भिजलेली पिसे गोळा होतात आणि ऊब जाते. सिंथेटिक भराव जड असला, तरी ओला होऊनही बऱ्यापैकी काम करतो आणि लवकर वाळतो. गाडी तंबूपर्यंत जाणार असेल, तर दीड किलो जास्त वजनाचे दुःख कशाला? डोके आत घेऊन झोपणारे हा ओलावा स्वतःच वाढवतात, कारण श्वासातली वाफ थेट भरावात जाते.

"मग सर्वांत गरम तीच घ्यावी!" हेही नाही. एडमंड हिलरी जवळच्या तुआकाऊत वाढले. शाळेला जाताना त्यांची रोजची आगगाडी पापाकुरावरूनच जायची. त्यांच्या 1953 च्या एव्हरेस्ट मोहिमेत न्यूझीलंडच्या फेअरीडाऊन पिशव्या होत्या. तसल्या पिशवीत जानेवारीच्या हुनुआत घाम फुटेल, आणि घाम म्हणजे पुन्हा ओलावाच.

पण "नॉर्थ आयलंडला कुठे एवढी थंडी" या भरवशावर टोंगारिरोच्या उंच डोंगरांत जाऊ नये. उंचीच्या दर हजार मीटरला तापमान सहा-साडेसहा अंशांनी उतरते, आणि तिथल्या बऱ्याच हट्समध्ये गाद्या मिळाल्या, तरी पांघरूण आपलेच न्यावे लागते.

परतल्यावर पिशवी कोंबून गॅरेजमध्ये ठेवली की भराव कायमचा चपटा होतो, वर बुरशी. ती वाळवून मोठ्या सुती पिशवीत सैल ठेवावी.

राहता राहिली हिमालयन ट्रेकला वापरलेली, पुण्याहून मागवायची पिशवी. ती आणायला बंदी नाही, पण वापरलेले कॅम्पिंगचे सामान विमानतळावर जाहीर करावेच लागते. माती झटकून, धुऊन आणले तर ते सहसा तपासून परत देतात. जाहीर न करता सापडले, तर 400 डॉलर दंड जागेवरच होऊ शकतो, आणि तेवढ्यात पापाकुरातच बरी सिंथेटिक पिशवी आणि मॅट दोन्ही येतात.